कुर्ता उलटा करून बघा: मोहाडी तालुक्यातलं ‘दोघींचं दुकान’

कपडा घेताना बहुतेक जणी समोरून बघतात, मी आधी उलटा करते. शिवणकाम हा माझा धंदा आहे. लग्नसराईत ब्लाऊज, जूनमध्ये शाळेचे गणवेश, बाकी वर्षभर कुर्ते आणि दुरुस्ती. दुरुस्तीला हल्ली सगळ्यात जास्त येतात ते मोबाइलवरून मागवलेले कुर्ते. ‘ताई, काखेत थोडा सैल करून द्या ना जी,’ असं बाई म्हणते. मी कुर्ता उलटा करते तर सैल करायला आत कापडच नसतं. शिवणीच्या पलीकडे जेमतेम अर्धा सेंटीमीटर, त्यावरून ओव्हरलॉक फिरवलेलं. बाळंतपणानंतर अंग जरा भरलं की असा कुर्ता संपला. नवा घ्या.

म्हणून या दुकानाबद्दल सांगताना आतल्या बाजूपासूनच सुरुवात करते. मी इथून कोसा, म्हणजे टसर रेशीम, आणि सूत मिळून विणलेल्या कापडाचा कुर्ता घेतला, आणि पळसाच्या रंगातली एक ओढणी. कुर्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीत सव्वा-सव्वा इंच कापड ठेवलेलं आहे. कडा दुमडून त्यावर बारीक टीप. बाहीची शिवण आधी सुलट बाजूने घालून, मग उलटवून पुन्हा घातलेली, त्यामुळे कापडाची उघडी कड कुठेच दिसत नाही. इंचाला बारा टाके. कोसा शिवणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे की हे कापड कडेने सुटत जातं. जाड सुई लावली, घाई केली, तर चार धुण्यांत शिवणीपाशी जाळी दिसते. माझा कुर्ता भरपूर वापरून झाला आहे, शिवण जागची हललेली नाही.

दुकानाला पाटी नाही. भंडारा-तुमसर रस्त्यावर मोहाडी लागतं, तिथून आंधळगावकडे वळायचं. मोहाडीला चौंडेश्वरीचं देऊळ आहे, ती कोष्ट्यांची देवी, आणि हा सगळा पट्टा विणकरांचा. आंधळगावात आजही घरातून मागाचा आवाज येतो. गावात पोचलात की ‘दोघींचं दुकान कुठं आहे जी?’ एवढंच विचारा, पोरंसुद्धा सांगतात. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. एक लाकडी फळी, तिच्यावर घड्या, कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा. मागच्या पडवीत तीन शिलाई मशीन. त्यातली एक जुनी पायाची, ती लाइट गेली की कामाला येते.

दोघींचं म्हणतात, पण दिसते एकच. दुसरी नेदरलँड्समध्ये असते. दोघी तुमसरला एकाच वसतिगृहात राहून शिकल्या, बारावीनंतर शिवणकामाचा कोर्सही एकत्रच केला. एकीचं लग्न विणकराच्या घरी झालं, दुसरी नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेली. गावात त्यांना ‘इकडची’ आणि ‘तिकडची’ म्हणतात. मीही तेच म्हणते.

धंदा सुरू झाला तो एका बिघडलेल्या साडीपासून, असं इकडचीने मला सांगितलं. सासऱ्यांनी विणलेल्या करवतकाठी साडीच्या पदरात बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, एक पट्टा विरळ पडला होता. व्यापाऱ्याने अख्ख्या साडीचे पैसे कापले. करवतकाठी साडीला किती मेहनत लागते हे ज्याने माग बघितला आहे त्याला ठाऊक आहे. मधल्या अंगाला एक धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) आणि दोन्ही काठांना एक-एक, असे तीन धोटे एकाच ओळीत फिरतात. काठाचा धागा आणि अंगाचा धागा दर ओळीला एकमेकांत अडकवावा लागतो, तेव्हा कुठे करवतीच्या दातांसारखा काठ उमटतो. अशी साडी ‘खराब’ म्हणून मातीमोल करायची? इकडचीने फोटो पाठवला, तिकडचीने तिथूनच कागदावर कटिंग काढून फोटो उलट पाठवला. चांगल्या भागातून दोन कुर्ते निघाले, विरळ भाग बाजूला राहिला. एक कुर्ता इथे भंडाऱ्याच्या एका शिक्षिकेने घेतला, एक तिकडे गेला.

आजही बिघडलेल्या साड्यांचे कपडे दुकानात वेगळ्या फळीवर असतात. किंमत कमी, आणि दोष कुठे आहे ते चिठ्ठीवर लिहिलेलं: ‘डाव्या बाहीच्या आतल्या अंगाला एक गाठ.’ मला ही फळी सगळ्यात आवडते. स्वस्तात अस्सल हातमाग घ्यायचा असेल त्याने आधी तिथे बघावं.

आता कापड. आपल्याकडे टसरला कोसा म्हणतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर या रेशमाच्या किड्यांना वाढवतात, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलात, आणि त्यात ढिवर समाजाचं काम पिढ्यानपिढ्यांचं आहे. कोष उकळून बाया मांडीवर घासून धागा काढतात. हा हाताचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो आणि त्याचा मूळ रंगच मधासारखा असतो. गुळगुळीत, एकसारखा, चकचकीत टसर बघितला की मला शंका येते. बाहेरून आलेल्या सुताचं आणि पॉवरलूमवरचं कापडही टसर म्हणूनच विकलं जातं. इथल्या कुर्त्याच्या आतल्या कापडातून मी एक बाणा ओढून जाळून बघितला. जळलेल्या केसांचा वास आला, राख बोटांत चुरून गेली. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक गोळी झाली असती. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा जाळला तर कागद जळाल्याचा वास, म्हणजे सूत. चिठ्ठीवर जे लिहिलं होतं तेच निघालं.

शिंपी म्हणून ज्या गोष्टीसमोर मी बराच वेळ बसले ती म्हणजे खालच्या घेराला लावलेला करवतीचा काठ. पुढचा पल्ला आणि मागचा पल्ला जिथे जुळतात, तिथे दातांना दात जुळले आहेत. एक सुताचाही फरक नाही. असं जुळवायचं तर कापड वाया जातं, कारण मापाप्रमाणे कापून चालत नाही, दात बघून कापावं लागतं. बाजारातल्या कुर्त्यात हे कोणी करत नाही. मी स्वतः गिऱ्हाइकाला हे करून दिलं असतं तर शिलाई दुप्पट सांगितली असती.

इतक्या लांब राहून दोघी हे कसं सांभाळतात हे मला समजून घ्यायचं होतं, म्हणून एका दुपारी त्यांचं काम चालू असताना मी बसून राहिले. नेदरलँड्स आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. इकडची घरचं सगळं आवरून दुपारी बसते, तेव्हा तिकडे सकाळ असते. फोन मशीनला टेकवून ठेवलेला. एक वही आहे, तिचं प्रत्येक पान रोज फोटो काढून जातं. कुठल्या थानाची रुंदी किती, धुतल्यावर किती आकसलं, कुठल्या बाईने किती कुर्ते शिवले, कुठल्या बाहीला किती कापड लागलं. दोघी एका खोलीत असत्या तर यातलं निम्मं तोंडी सांगून झालं असतं आणि विसरलंही गेलं असतं. लांब आहेत म्हणून सगळं लिहिलेलं आहे. माझ्या मते त्यांच्या शिवणीत जी शिस्त दिसते ती या वहीतून आली आहे. पाच इंच म्हणजे पाच इंचच. ‘अंदाजे’ हा शब्द तिकडे पोचत नाही.

भांडतातही. मी बसले होते तेव्हाच बटणावरून झालं. तिकडचीला लाकडी बटणं हवी होती, इकडची म्हणत होती कापडाची गुंडीच छान दिसते.

‘अवं, लाकडी बटण धुण्यात फुटते वं!’

‘तुले दाखवलं ना मी, इथं लोक लाकडीच मागतात.’

‘मग तिथं तूच धुवून देशील का?’

शेवटी कापडाची गुंडी राहिली. फोन बंद झाल्यावर इकडची हसून मला म्हणाली, ‘वसतिगृहात पण असंच होतं, ताई. ती खिडकी उघडायची, मी लावायची.’

तिकडची फक्त विकते असं नाही, हे मला कुर्त्याच्या आतल्या पट्टीवरून कळलं. पट्टीवर दोन पत्ते आहेत, एक इथला, एक तिथला. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून नवा नियम लागू झाला. बाहेरच्या देशात बनलेली वस्तू तिथे विकायची तर तिची जबाबदारी घेणारं कोणीतरी तिथलंच असावं लागतं, आणि त्याचं नाव-पत्ता वस्तूसोबत द्यावा लागतो. आपल्या खेड्यातल्या एकट्या विणकराला हे कुठून जमणार? इथे मैत्रीणच ती जबाबदार व्यक्ती आहे. कुठल्या धाग्याचं किती टक्के कापड हेही तिकडच्या नियमाने पट्टीवर छापावं लागतं, आणि काही ॲझो रंगांवर (हे रासायनिक रंग) तिथे बंदी आहे. तीच पट्टी, तेच रंग इथल्या गिऱ्हाइकालाही मिळतात. मोहाडीच्या बाईला आणि तिकडच्या बाईला एकच माल, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे ‘एक्सपोर्ट क्वालिटी’ म्हणून वेगळं आणि आपल्यासाठी वेगळं असं कायम चालत आलं आहे.

फरक आहे तो उंचीत. तिकडचे लोक जगातल्या उंच लोकांत गणले जातात, त्यामुळे तिथला कुर्ता शेहेचाळीस इंच लांब. इथे चाळीस आणि बेचाळीस अशा दोन लांब्या आहेत. खांदाही वेगळा कापतात. हे चांगलं केलं, नाहीतर आपल्याला ढगळ कुर्ते मिळाले असते.

आता तक्रारी, आणि त्या मी दुकानात बसून दोघींना सांगितल्या आहेत.

पहिली मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेच्या कापाची. सुरुवातीच्या कुर्त्यांना मुंढा खोल होता. अंगात घातल्यावर ऐसपैस वाटतो, पण हात वर केला की अख्खा कुर्ता वर चढतो. आमच्याकडच्या बाया रोवणीला, म्हणजे भातलावणीला, वाकतात, डोक्यावर भारा घेतात, तारेवर कपडे टाकतात. असा कुर्ता फक्त खुर्चीत बसणाऱ्या बाईचा. मी सांगितलं की मुंढा वर उचला आणि जुन्या सदऱ्याला असायचा तसा काखेत चौकोनी तुकडा घाला. मला वाटलं होतं तिकडची ऐकणार नाही. उलट ती म्हणाली, ‘ताई, माझ्याकडे पण हीच तक्रार आहे. इथं सगळ्या बाया सायकलने कामावर जातात, हात पुढं केला की पाठीत ओढतं म्हणतात.’ धानाच्या बांधीतली बाई आणि तिथली सायकलवरची बाई, दोघींना एकाच ठिकाणी टोचत होतं. नवा कुर्ता काखेत तुकडा घालून आला. मी पडद्यामागे घालून दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघितले, खालचा घेर हलला नाही.

दुसरी तक्रार रंगाची, आणि ती अजून सुटलेली नाही. पळसाच्या फुलांचा पिवळा रंग सुंदर आहे. फाल्गुनात आपल्या रानात जसा दिसतो तसाच. पण तो उन्हाला टिकत नाही. माझी ओढणी घडीच्या बाहेरच्या बाजूला फिकी पडली, आत पिवळी राहिली. हे विकतानाच सांगायला हवं होतं. हिरड्याचा आणि लोखंड-गुळाच्या पाण्याचा काळा रंग, मंजिष्ठाचा लाल, हे पक्के आहेत, ते घ्या. पळस घ्यायचा असेल तर सावलीत वाळवा, बंद कपाटात ठेवा आणि रंग उतरणार हे धरून घ्या. आता चिठ्ठीवर तसं लिहितो म्हणाल्या आहेत.

तिसरी मापांची. छातीचं माप चव्वेचाळीसच्या पुढे तयार मिळत नाही. सांगितलं तर शिवून देतात, पण पन्नाशीच्या बाईला दुकानात जाऊन हातात घेऊन बघायला काहीच नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं या मापाची आहेत. दोन-दोन नग तरी ठेवावेत.

किंमत. कुर्ता ३,६०० रुपयांचा. आमच्या भागात हे ऐकून बाई पदर सावरून उठते, मला माहीत आहे. म्हणून हिशेब सांगते, तो बिलाच्या मागेच छापलेला असतो. कापड १,९००. रंगाई आणि धुलाई २००. अस्तर, गुंड्या, धागा १५०. शिलाई ४५०. उरलेले ९०० दोघींचे, त्यातून भाडं, वीज, खराबी. साध्या कुर्त्याच्या शिलाईला माझ्या गावात अडीचशे-तीनशे मिळतात, तेही गिऱ्हाईक घासाघीस करून देतं. शिवणाऱ्या बाईला साडेचारशे देणारं दुकान मी आमच्या तालुक्यात दुसरं बघितलेलं नाही. हाच कुर्ता तिकडे ९५ युरोला जातो. ऐकायला मोठी रक्कम आहे, पण त्यातले साडेसोळा युरो तिथला २१ टक्के कर, मग टपाल, पॅकिंग, बाजारात टेबल मांडायचं भाडं. तिकडच्या विक्रीतून जे उरतं त्यातून इथला पुढच्या हंगामाचा कोसा आगाऊ पैसे देऊन घेतला जातो, त्यामुळे विणकराला व्यापाऱ्याकडून उधार सूत घ्यावं लागत नाही. हे मला विणकरानेच सांगितलं, दुकानदारणीने नाही.

ज्यांना ३,६०० जड वाटतात त्यांनी सुती कुर्ता बघावा, तो १,४५० ला आहे आणि शिवण तीच. किंवा बिघडलेल्या साड्यांची फळी.

परत करायचं असेल तर त्रास आहे. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत माल न्यायला येत नाही. पोस्टाने पाठवा किंवा स्वतः जा. मात्र दुरुस्ती फुकट करून देतात, कधीही. सव्वा इंच आत ठेवलं आहे ते त्यासाठीच. मी स्वतः शिवते तरी मुद्दाम एकदा कुर्ता बाजूने सैल करायला दिला, दुसऱ्या बाईच्या हातची शिवण उसवून बघायची होती. जुन्या टाक्यांची छिद्रं दिसू नयेत म्हणून त्यांनी कापड वाफेवर धरून, नखाने धागे सारखे करून दिले.

धुण्याबद्दल. पट्टीवर पाण्याच्या टबात हात असं चित्र आहे, त्याचा अर्थ हातानेच धुवा. गार पाणी, रिठा, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं, किंचित ओलं असताना उलट बाजूने कमी गरम इस्त्री. सुती कुर्त्याला भाताच्या पेजेची पातळ खळ दिली तर फार छान बसतो, कोशाला नको. ठेवताना घडी बदलत राहा, एकाच घडीवर कोसा चिरतो.

जायचं तर दुपारनंतर जा, सकाळी इकडची कापड बघायला मागावर असते. यूपीआय चालतं, रोखही घेतात. आणि वेळेचं सांगते, कारण यावरून काही जणी नाराज होऊन आल्या आहेत. रोवणीच्या दिवसांत शिवणाऱ्या बाया बांधीत असतात, मशीन बंद. तेव्हाच, ऑगस्टमध्ये, तिकडेही सुट्ट्यांमुळे विक्री थांबलेली असते, म्हणून दोघींनी तो महिना मोकळाच ठेवला आहे. कापणीला पुन्हा तसंच. त्यामुळे दिवाळीला घालायचा कुर्ता हवा असेल तर पोळ्याच्या आधी जाऊन माप द्या, आणि माप देताना हात वर करून द्या.